चार-तीनचा रविवार

फॉर्म साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवला होता आणि आई आणि तिची तीन मुलं, चौघंही त्याच्याकडे न बघता त्याच्याच भोवती बसले होते. अडीच वाजले होते. चारला फुटबॉल क्लबची खिडकी बंद होणार, आणि तिथला चिटणीस असा माणूस की चार वाजून एक मिनिटानं त्याचा सख्खा बाप आला तरी 'उद्या या' म्हणेल. फक्त या खेपेला उद्या नव्हता. बाबांना जाऊन आज महिना पुरा होत होता, आणि मुदत महिन्याचीच होती.

नियम तसा साधा. मैदानावरच्या सहाव्या रांगेतल्या अकरा आणि बारा नंबरच्या जागा बाबांच्या कार्डावर. अकरा सभासदाची, बारा सोबत्याची. सभासद गेला की कार्ड एका वारसाच्या नावावर होतं, एकाच्याच, आणि बाकीच्या वारसांनी खाली सह्या करायच्या. सह्या नाहीत तर दोन्ही जागा क्लबकडे परत. गेल्या वर्षीपर्यंत त्या रांगेत माणसांपेक्षा कबुतरं जास्त बसायची, तेव्हा कुणी असल्या सह्यांच्या भानगडीत पडलं नसतं. पण बाबा गेले आणि नवव्या दिवशी क्लब वरच्या गटात गेला. एकतीस वर्षं माणूस ज्याची वाट बघत बसला ते नऊ दिवसांनी हुकलं. नशिबाला मेलेल्या माणसाचीही थट्टा करायला लाज वाटत नाही. आता जागा मागणाऱ्यांची यादी क्लबच्या भिंतीवर लागली होती आणि ती रोज एका कागदानं वाढत होती.

ताईला ते कार्ड हवं होतं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्रेपन्न वर्षांत या घरात तिनं कधी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि म्हणून तिला विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. लग्न राहिलं ते राहिलं. मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावायचं काम ती तीस वर्षं करत होती, घरी आईबाबांचं बघत होती. घरात आणि कारखान्यात तिचं कौतुक एकच होतं, की ताईची कधी कुरकुर नसते. माणूस कुरकुरत नाही म्हणजे त्याला काही नकोच असतं, असं लोक सोयीनं धरून चालतात.

बोलत होता तो बाळ. बाळ म्हणजे पन्नाशीला टेकलेला, लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत मुकादमापर्यंत चढलेला, डोक्यावरचं रान विरळ झालेला माणूस, पण पहिला मुलगा म्हणून घरात जे नाव पडलं ते पडलं. पंधरा वर्षं तो मैदानाकडे फिरकला नव्हता. दूरच्या एका बड्या संघाचे सामने टीव्हीवर बघायचा, त्यांचा मफलर गाडीच्या मागच्या काचेला लावायचा. गेल्या तीन आठवड्यांत तो मफलर गेला होता आणि आपल्या क्लबचा हिरवा आला होता. उगवत्या सूर्याला नमस्कार सगळेच करतात, पण निदान नीट उजाडू तरी द्यावं, असं धाकटा त्याला तोंडावर म्हणाला होता.

धाकट्याला कार्ड नको होतं. चौकात किल्ल्या बनवायचं त्याचं दुकान, रविवारी तिथंच खरी गर्दी. शिवाय त्याचा पहिला सामना शून्य-शून्य सुटला होता, त्यामुळे त्याचं या घरातलं स्थान आधीपासूनच अधांतरी होतं.

हे पहिल्या सामन्याचं प्रकरण समजल्याशिवाय या घरातलं काहीच समजायचं नाही. सहाव्या रांगेत पूर्वी सगळे बाबांच्या कारखान्यातले वेल्डर बसायचे, आणि त्यांचा एक कायदा होता. पोराला पहिल्यांदा सामन्याला आणलं आणि क्लब जिंकला, तर पोरगं आपलं. हरला तर पोरगं पांढऱ्या पायाचं, पुन्हा आणायचं नाही. हसण्यावारी सुरू झालेली गोष्ट, पण पोलादाशी काम करणारी ती माणसं, एकदा तापवून जोडलं की सुटायचं नाव नाही. आणि सगळ्यांत कडक बाबा. एका जोडीदाराचा मुलगा पहिल्याच दिवशी हरून बसला, तर पुढच्या रविवारी बाबांनी त्या पोराला फाटकातून परत पाठवलं होतं. पोरगं रडलं, त्याचा बाप बाबांशी दोन वर्षं बोलला नाही, पण नियम म्हणजे नियम. धाकट्याची बरोबरी झाली तेव्हा या विद्वानांची पंचाईत झाली. शेवटी ठरलं की त्याला आणायचं, पण मध्यंतरानंतर.

बाळची गोष्ट मात्र घरातली सगळ्यांत लाडकी. चार-तीनची. ती पाहुण्यांना सांगितली जायची, लग्नात सांगितली जायची, महिन्यापूर्वी बाबांना पोचवून आल्यावरही बाळनं ती सांगितली होती आणि सगळे डोळे पुसत हसले होते. आत्ताही त्यानं तीच काढली, कारण त्याच्या मते कार्ड कुणाचं या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं.

सहा वर्षांचा होतो, म्हणाला. डोक्यावर हिरवी लोकरी टोपी. मध्यंतरापर्यंत तीन-शून्यनं मागे. लोक उठून चालले होते, तेव्हा बाबा म्हणाले, बसून राहा, शिट्टीआधी उठतो तो आपला नाही. मग कप्तानानं डोक्यानं एक मारला. मग कॉर्नरवरून एक. मग पेनल्टी. आणि अगदी शेवटी तो डावीकडचा पोस्टमन, आठवडाभर सायकलवरून पत्रं वाटायचा तो, त्यानं इतक्या लांबून मारला की गोलकीपरनं आधी हातच उचलले नाहीत. बाबांनी उचलून वर फेकलं, तेव्हा पायातलं एक पायताण निसटून फळ्यांच्या फटीतून खाली गेलं ते गेलंच.

"आणि मग घरापर्यंत खांद्यावर," बाळ म्हणाला. त्याचा आवाज इथं नेहमीच जरा खाली यायचा. "कालव्याच्या पुलावर एवढी गर्दी, आणि मला सगळ्यांची डोकी वरून दिसत होती. दिवे लागत होते. मी लिफ्टच्या कामाला का लागलो असं लोक विचारतात. त्या पुलावर मला उंचीची गोडी लागली."

ताई बशीतला चहाचा थेंब बोटानं पुसत होती.

लबाड असता तर सोपं गेलं असतं. पण बाळ लबाड नव्हता, हीच तर तिची पंचाईत होती. त्याला ते खरंच आठवत होतं. चव्वेचाळीस वर्षं बाबांनी त्याला मांडीवर, मग शेजारी, मग फोनवर इतक्यांदा ते सांगितलं होतं की त्याच्या डोळ्यांसमोर तो पूल होता, ते दिवे होते.

आणि त्या रविवारी तो सामन्याला गेलाच नव्हता. ताई गेली होती.

टोपी त्याची होती, डोकं तिचं. नऊ वर्षांची होती ती. केस टोपीत कोंबलेले, अंगात त्याचा कोट, बाह्या आखूड. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, काय, बाळला आणलंत वाटतं? बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले. तिथून सुरुवात. पुढच्या रविवारी त्यांनी खऱ्या बाळला नेलं, तीच टोपी घालून, आणि क्लबनं पाच गोल खाल्ले. पण रांगेच्या हिशेबी तो बाळचा दुसरा सामना होता, त्यामुळे त्याच्या पायाला काही लागलं नाही. घरी येऊन बाबांनी ताईला स्वयंपाकघराच्या दाराआड घेतलं आणि सांगितलं की हे आपल्या दोघांत. त्याला पुढं मैदान हवंय, तुला कशाला लागतंय? तिला वाटलं, बाबांचं आणि आपलं काहीतरी एक आहे, दोघांतच असलेलं. ती खूश झाली होती. नऊ वर्षांच्या मुलीला खूश करायला काय लागतं.

बारा वर्षांची झाल्यावर तिनं मला न्या म्हणून हट्ट धरला. तेव्हा सगळ्यांच्या देखत बाबा म्हणाले, तू गेली होतीस की एकदा, पाच-शून्यला. पांढरा पाय. नियम म्हणजे नियम. सगळे हसले. तिनं आईकडे पाहिलं. आई त्या वेळी चुलीकडे बघत होती.

त्यानंतर तीस वर्षं ताईनं क्लबला साथ दिली ती याच स्वयंपाकघरातून. खिडकीतून मैदानाचा दिव्याचा एकच खांब दिसतो, पण आवाज सगळा येतो. गोल आपला की त्यांचा हे तिला गर्जनेच्या पहिल्या टोकावरून कळायचं. कॉर्नरची कुजबुज वेगळी, पेनल्टीच्या आधीची शांतता वेगळी. बाबा घरी यायच्या आत तिला निकाल ठाऊक असायचा आणि त्याप्रमाणे ती ताटं मांडायची किंवा नुसतीच गप्प बसायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग बाबांचे डोळे गेले. आयुष्यभर ठिणग्यांकडे बघितलेले डोळे, आधी कडा गेल्या, मग मधलं. बाळ लांब राहायला गेलेला, धाकट्याचं दुकान. एका रविवारी बाबा कोट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, चल. ती म्हणाली, माझा पाय पांढरा ना? तर म्हणाले, मला आता दिसतच नाही, पांढरा काय आणि काळा काय.

अकरा वर्षं ती बारा नंबरवर बसून त्यांना सामना सांगत होती. त्यांनी तिला शिकवलं कसं सांगायचं ते: आधी चेंडू कुणाकडे, मग तो कुठं, मग त्यानं काय केलं. याच क्रमानं. ओरडायचं नाही. आणि खोटं सांगायचं नाही, हरलो तर हरलो म्हणायचं. ती तसंच सांगायची, हलक्या आवाजात, जोड्या लावताना मोजतात तशी एका लयीत. हळूहळू मागच्या रांगेतले म्हातारेही पुढं वाकून ऐकायला लागले. अकरा वर्षांत तिनं एक गोल खोटा सांगितला नाही. आणि प्रत्येक रविवारी, पुलावरून परत येताना, बाबांचा हात तिच्या कोपरात असताना, तिला वाटायचं की आज म्हणतील. एवढंच म्हणतील की ती तू होतीस. म्हणतील, म्हणतील करता अकरा वर्षं गेली, आणि मग बाबाच गेले.

"मग काय म्हणता?" बाळनं खिशातून पेन काढलं. "माझं नाव घालू ना?"

धाकट्यानं खांदे उडवले. त्याला चारच्या आत दुकान उघडायचं होतं. आई शालीची कड बोटांत धरून खिडकीकडे बघत होती.

"मला हवंय," ताई म्हणाली.

ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की बाळला वाटलं, पेनच मागतेय. त्यानं ते पुढं केलं.

"पेन नाही. कार्ड. मला हवंय ते."

बाळ आधी हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. तो वाईट बोलला नाही, उलट फार समजुतीनं बोलला, आणि समजुतीनं बोललेलं जास्त लागतं. म्हणाला की ताईनं बाबांचं केलं ते कुणी विसरणार नाही, ती हवं तेव्हा सोबत्याच्या जागेवर येऊन बसेल, नाही कोण म्हणतंय. पण जागा कुणाच्या नावावर याला काही अर्थ असतो. सहाव्या रांगेतले दोन म्हातारे अजून जिवंत आहेत, ते काय म्हणतील?

"काय म्हणतील?" ताईनं विचारलं.

"मी मानतो असं नाही. पण लोक बोलतात." त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "तू अकरा वर्षं तिथं बसलीस, अकरा वर्षं आपण खालीच. त्या शेवटच्या सामन्याला तू घरी राहिलीस आणि आपण वर गेलो."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे कुणाला कळत नाही? पण हाच विचार ताईनं स्वतः त्या दिवशी केला होता. बाबांचे कपडे घडी करत ती या खिडकीशी उभी होती आणि मैदानाकडून असा आवाज आला की काचा हादरल्या. तिला क्षणात कळलं होतं. आनंद व्हायच्या आधी मनात आलं ते हे, की मी नव्हते म्हणून. चार-तीनला आपण स्वतः तिथं होतो हे पक्कं ठाऊक असूनही मनात आलं. तीस वर्षं एखाद्याला तेच ते म्हणत राहिलं की खरं-खोटं बाजूला पडतं.

"तुझा पहिला सामना तुला माहीत आहे ना?" बाळ अजूनही समजुतीनंच म्हणाला. "बाबांचाच नियम आहे, माझा नाही."

ताईनं आईकडे पाहिलं. मुद्दाम नाही. बारा वर्षांची असताना पाहिलं होतं तसंच, मान आपोआप वळली.

या वेळी आई तिच्याकडेच बघत होती.

"बाळ त्या रविवारी गेला नव्हता," आई म्हणाली.

कुठला रविवार, असं धाकट्यानं विचारलं. आईनं त्याला उत्तर दिलं नाही. ती बाळशी बोलत होती, लहानपणी त्याला औषध पाजताना बोलायची तशी, संथ आणि न थांबता.

"अंगात ताप एवढा होता तुझ्या की डोळे उघडत नव्हते. मी दिवसभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. तिकिटं आधीच काढलेली. हे म्हणाले, वाया कशाला घालवू, हिला नेतो. तुझी टोपी हिला घातली. केस आत कोंबले ते मीच."

"कुठल्या रविवारी?" आता बाळनं विचारलं, पण त्याला कळलं होतं. ते आधी त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि मग प्रश्न आला.

"चार-तीनच्या."

"मग मी?"

"तू पुढच्या. तोवर ताप उतरला होता तुझा."

पुढच्या रविवारी काय झालं हे या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. धाकटा सगळ्याची थट्टा करणारा माणूस, पण तो टेबलावरचे चहाचे कप गोळा करायला लागला, आणि ते त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आई थांबली नाही. चव्वेचाळीस वर्षं तोंडात धरलेलं, एकदा सुटल्यावर कशाला थांबतंय. म्हणाली की यांनी त्या दुसऱ्या माणसाच्या पोराला फाटकातून हाकललं होतं, मग स्वतःच्या पोराला कुठल्या तोंडानं आत नेणार? म्हणून इकडचं तिकडे केलं. मी म्हटलं होतं, मुलीचं काढून मुलाला देऊ नका. म्हणाले, तिला काय फरक पडतो. मग मी गप्प बसले. पायाबियाचं काही नसतं रे, ही सगळी रिकामटेकड्यांची नाटकं. पण मी गप्प बसले हे खरं.

मग ती ताईकडे वळली. "तू तेव्हा माझ्याकडे बघितलं होतंस. चुलीपाशी. मला दिसलं होतं."

ताईनं या क्षणाची वाट इतकी वर्षं बघितली होती की तो आला तर काय होईल हे तिनं मनात पुष्कळदा ठरवून ठेवलं होतं. रडू येईल, किंवा निदान हायसं वाटेल. तसं काहीच झालं नाही. तिला दिसत होते ते बाळचे हात. लिफ्टच्या तारा ओढून ओढून राकट झालेले हात, आणि ते टेबलावर काहीतरी शोधत असल्यासारखे फिरत होते. साखरेचा डबा सरकवून त्या हातांनी फॉर्म बाहेर काढला. तो घेऊन बाळ उठला आणि दार उघडून बाहेर गेला.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

जा, असं आईनं तिला म्हटलं नाही. धाकटा म्हणाला. नळाखाली कप धरून, पाठ फिरवूनच म्हणाला की ताई, तू जा, मी गेलो तर काहीतरी वात्रट बोलेन.

बाळ जिन्यात बसला होता, खालून तिसऱ्या पायरीवर. तिथं पायरीच्या कडेचं लोखंड बाबांनी जोडलेलं, जोड अजून तसाच घट्ट. त्यानं फॉर्म गुडघ्यावर ठेवून सही केली होती. वरच्या रकान्यात ताईचं नाव, पूर्ण, स्पष्ट अक्षरात. धाकट्याची आणि आईची सही राहिली होती. तो कागद त्यानं वर न बघता तिच्याकडे दिला. ती त्याच्या शेजारी बसली. पायरी दोघांना पुरेशी नव्हती, पण बसली.

तो म्हणाला की त्याला दुसरंही एक आठवतं. त्याला नेहमी वाटायचं की ते स्वप्न असावं. बाबा पुढं चालतायत, भरभर, आणि तो मागून पळतोय, टोपी डोळ्यांवर आलेली. बाबा वळून बघतच नाहीत. घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून घेतली आणि कपाटावर टाकली. आता कळलं, म्हणाला, ते कधीचं होतं.

त्याचा पाच-शून्यचा रविवार ताईनं कधी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. आपलं घेतलं गेलं एवढंच तिला माहीत होतं. घेणाऱ्याला काय मिळालं ते तिनं बघितलं नव्हतं.

"मला सांग ना," बाळ म्हणाला. "बाबांना सांगायचीस तसं."

तिनं सुरुवात केली. आधी चेंडू कुणाकडे, मग कुठं, मग काय केलं. कप्तानाकडे, उजव्या कोपऱ्यात. पण दुसऱ्या गोलाशी येता येता तिच्या लक्षात आलं की ती बाळचेच शब्द बोलतेय. लोक उठून चालले होते, शिट्टीआधी उठतो तो आपला नाही. पोस्टमननं इतक्या लांबून मारला की गोलकीपरनं आधी हातच उचलले नाहीत. तिनं स्वतः हे पाहिलं होतं की चव्वेचाळीस वर्षं लग्नाकार्यांत ऐकलं होतं? तिनं आठवायचा प्रयत्न केला. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी पाहिलेला एकही गोल तिच्याकडे उरला नव्हता. सगळे झिजून त्याच्या तोंडचे झाले होते.

तिच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या. चौथ्या गोलाला बाबांनी तिचा हात धरला तो. ठिणग्यांचे डाग पडलेला खरखरीत हात, घरात कधी कुणाच्या हातात न आलेला. त्यांनी तो इतका दाबला की बोटं दुखली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी ती क्लबची झाली ती कायमची. आणि दुसरी, परतीची वाट. तिचं डाव्या पायातलं लाल सँडल फळ्यांखाली गेलं होतं. बाबा पुढं सगळ्या वेल्डरांच्या खांद्यांवर हात टाकून गात चालले होते, आणि ती मागून, एक पाय अनवाणी, पुलावरच्या खडीवरून. तिला पुलावर डोकी दिसली नव्हती. माणसांच्या पाठी दिसल्या होत्या. घरी आल्यावर तळव्यातले खडे आईनं काढले होते.

"आणि पुलावर," बाळनं विचारलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "तिथं त्यांनी मला, म्हणजे तुला. खांद्यावर घेतलं होतं ना? निदान तेवढं तरी झालं होतं ना?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हिरवा मफलर गुंडाळून क्लबच्या दिशेनं चाललं होतं. साडेतीन होऊन गेले असतील. अजून दोन सह्या घ्यायच्या होत्या.

बाबांनी घालून दिलेला नियम तिला तोंडपाठ होता. हरलो तर हरलो म्हणायचं.

"घेतलं होतं की," ताई म्हणाली. "पार दारापर्यंत."

"दिवे लागले होते?"

"हो. सगळ्यांची डोकी वरून दिसत होती."

बाळनं मान हलवली आणि तळहातानं तोंड पुसलं. ताई कठड्याला धरून उठली आणि कागद घेऊन सह्यांसाठी वर गेली.